चुलीमागची कोरी जागा

कार्तिक वद्य ५, शके १७८६

भिंत मिळाली रंगवायला! खुशालरावांच्या नव्या घराची, ओसरीची, सबंध. गाव अमरावतीपासून दोन कोसांवर. गिलावा अजून ओला आहे.

त्यांना हवं ते : एक हत्ती, घोड्यावर स्वतः, आणि आगगाडीचं इंजन. यंदा कापसावर घर झालं, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या झाल्या, आता भिंत. म्हणाले, "लोकाईनं पाहूनच सलाम ठोकला पायजे."

मी म्हटलं, इंजन मी पाहिलेलं नाही. न पाहिलेलं काढत नाही.

"अन हत्ती पाह्यला काय?"

पाहिला आहे. लहानपणी, आबांबरोबर, नागपूरला. तसं सांगितलं. हसले.

मग मजुरी. ते वाक्य मी वाटेत कितीदा तरी मनात म्हणून पाहिलं होतं. चाळीस रुपये. रोख. माझ्या हातात. शिधा नको, लुगडं-चोळी नको, आणि दादाकडे द्यायचे नाहीत.

ओसरीवरचे सगळे माझ्याकडे वळले. मग खुशालराव — "तुया बापानं तं जनम शिधा-लुगड्यावर काढला, बाई!"

म्हणूनच. पण हे बोलले नाही.

"बरं बाप्पा. कापूस हाय तं रोकड हाय."

आबांनी किती देवळं रंगवली. गेले तेव्हा घरात तांदूळ होते आणि लोकांनी दिलेली धोतरं होती. पैसा नव्हता.

कार्तिक वद्य ९

काम होईपर्यंत इथेच, मागच्या पडवीत राहायचं ठरलं. भिंत वाळते आहे. हातांना काम नाही, म्हणून हे लिहिणं.

दादाच्या घरी माझे रंग दाराआडच्या कोनाड्यात असतात. वहिनीला तिखटाला जागा लागली की माझा हिंगूळ अंगणात. नवऱ्याने टाकल्यापासून मी तिथे आहे, पण कुठे आहे ते नेमकं सांगता येत नाही. जेवताना चुलीजवळ, निजताना जात्याजवळ.

मला एक खोली हवी. दार, दाराला आतून कडी, उत्तरेचा उजेड. एवढंच.

एवढंच! लिहून पाहिलं तर फार दिसतं.

मार्गशीर्ष शुद्ध ३

गोदाबाई — खुशालरावांची बायको. पन्नाशीची असेल. मूलबाळ नाही. सकाळी मी भिंतीवर आखणीचं सूत मारत होते, ती मागे येऊन उभी. "जेवलीस काय वं?" मी म्हटलं, हे एवढं झालं की. "हे झालं का ते, ते झालं का ते! भाकर थंडी होऊन रायली."

दुपारी माझ्या केसांना तेल लावलं. विचारलं नाही, बसवलंच. माझी आई मला आठवत नाही. डोक्यावर दुसऱ्याचा हात कसा असतो तेही आठवत नव्हतं. मी मान ताठ ठेवली. ती म्हणाली, "मान तं सोड, पोरी. लाकूड हाय काय?"

सोडली नाही. सोडायची होती.

मार्गशीर्ष शुद्ध ११

हत्ती झाला, डोळा सोडून. आबांची रीत : डोळे सगळ्यात शेवटी, सगळे एकाच दिवशी, हात धुऊन.

खुशालरावांना सोंडेपेक्षा झुलीची काळजी. "झुलीचा जर थोडा वाढव. माया घरचा हत्ती हाय तो."

मार्गशीर्ष वद्य २

गोदाबाईचं एक मागणं. ओसरीवर नको, आत, चुलीमागे, जिथे पाहुण्यांची नजर जात नाही तिथे एक लहान चित्र. तिचं माहेर. मोर्शीकडे. घरामागे विहीर, विहिरीवर वाकलेलं भोकराचं झाड. "त्याच्यावर चढत व्हती मी. माय खालून बोंबलत राहे."

विचारलं, शेवटच्या कधी गेला होतात?

भाकरी उलटली. "मुराळी आल्याबिगर कसं जाव? भाऊ होता तवर येत होता न्याले. तो गेल्यावर कोनी नाई आलं. आपल्या पायानं माहेरी जाते काय कोनी? लोक म्हनतीन, हाकलली."

मी म्हटलं, न पाहिलेलं मी काढत नाही.

"हो, ते तं आयकलं." आणि मग, चुलीत फुंकत — "इंजन पाहाले तुले अकोल्याले धाडून रायले. मायं माहेर पाहाले कोन धाडीन?"

काढता आलं असतं. विहीर म्हणजे विहीर, झाड म्हणजे झाड. पण ते तिचं झालं नसतं, आणि तिने ते कधी बोलून दाखवलं नसतं.

पौष शुद्ध ६, अकोला

तीन दिवस कापसाच्या गाड्यांबरोबर. शेषराव गाडीवान. रस्ताभर गाड्याच गाड्या, धूळ, आणि बाभळींच्या काट्यांना लागलेला कापूस. झाडांना केस आल्यासारखा.

इंजन पाहिलं! रुळांच्या कामावरचं, खडीचे डबे ओढणारं. मी जवळ गेले तर गोऱ्या मिस्त्रीने हात हलवून मागे हटवलं. पण चाकं पाहून घेतली. लोक काढतात तशी ती सारखी नसतात. पुढची लहान, मागची मोठी, मोठ्यांना जोडणारा एक दांडा. धुराडं मी समजत होते त्यापेक्षा आखूड. घाम येतो त्याला.

शेषराव बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "समदं खरं बाई. पन याले हाकलते कोनत्या बाजूनं?"

पौष शुद्ध ७, अकोला

आज जे झालं ते नीट लिहिते.

कापूस उतरवला गोवर्धन शेठच्या वखारीत. तिथे एक माणूस गाठींवर शेठची खूण रंगवत होता — वर्तुळात दोन अक्षरं. वर्तुळ अंड्यासारखं. मी पाहत उभी राहिले. शेठ म्हणाले, "काय बघते, बाई?" मी म्हटलं, वर्तुळ. म्हणाले, "तू काढून दाखव." खिळा, दोरी, कुंचला. काढलं.

शेठ गाठीभोवती फिरून आले. "हात तो साफ आहे तुझा. कोणाची कोण?" चितारीण, अमरावतीची. "मर्द कुठे?" नाही. "हं." मग — खुणा, गाठींची अक्षरं, वखारींच्या पाट्या, बाजारात सगळ्यांना लागतात, हंगामभर काम, आठवड्याला रोख. पण इथे राहावं लागेल. "अमरावतीहून काय पोपट उडत येणार?"

शेषरावची ओळखीची माणिकबाई, फुलं विकते, जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे. तिच्या माडीवर एक खोली. मी चढून पाहिली. खिडकी उत्तरेला! समोरची भिंत पांढरी, तिच्यावरून उजेड आत येतो — सावकाश, सारखा, कुठे डाग नाही. कडी आतून. मी लावून पाहिली, काढली, पुन्हा लावली.

माणिकबाई खालून — "का वं बाई, आतच निजली का?"

सहा महिन्यांचं भाडं आधी. एकट्या बाईला त्याशिवाय देणार नाही. पाडव्यापर्यंत थांबते म्हणाली. खुशालरावांचे चाळीस आले तर होतं. रंग, सामान, पहिला महिना, सगळं बसतं त्यात.

माघ शुद्ध १

इंजन काढते आहे. गावातली निम्मी माणसं ओसरीसमोर. "चाकं बारकी-मोठी काहून?" "बाईनं चुकवलं." खुशालराव माझ्या बाजूने — "तिनं पाह्यलं हाय. तुमी पाह्यलं काय रे?"

मला बरं वाटलं. लिहायला हरकत नाही.

माघ वद्य ४

दादा आला. हल्ली तो कापसाची दलाली करतो, बोटात अंगठी. अकोल्याचं त्याला कुठून तरी कळलं.

"एकटी राहशीन? लोक काय म्हनतीन?"

मी पिवळा रंग घोटत होते.

"पैसा मायाजवळ ठेव. कापसात लावतो. पावसाळ्यापर्यंत दुप्पट."

म्हटलं, नको.

"तुले आमी काय उपाशी ठेवलं?"

नाही. उपाशी नाही ठेवलं. ते सांगितलं. तो ज्याची वाट पाहत होता ते उत्तर हे नव्हतं.

फाल्गुन शुद्ध ५

भाव पडला. अमेरिकेतली लढाई संपत आली म्हणतात. खुशालरावांचा कापूस अजून घरातच. ओसरीवर बसून भिंतीकडे पाहत नाहीत, रस्त्याकडे पाहतात.

भिंत पुरी झाली. डोळे तेवढे राहिले.

फाल्गुन शुद्ध ७

मागितले. खुशालराव म्हणाले, "बाई, रोकड कुठची आता? जवारी ने, दोन पोते ने. लुगडं देतो चांगलं."

म्हटलं, ठरलं होतं.

"ठरलं तवा भाव होता!"

मी आत गेले नाही, बाहेरही गेले नाही. तिथेच उभी. तेवढ्यात गोदाबाई आली, हातात नवं लुगडं, हिरवं, तांबड्या काठाचं. तिने ते आधीच आणून ठेवलं असावं. घडीत कापूर होता, वास आला. माझ्या खांद्याला लावून पाहिलं.

"घे वं. लेकच हायस तू मायी. लेकीले का कोनी मजुरी देते?"

मी म्हटलं, "मी लेक नाही. मी चितारीण आहे."

बरोबर तेच शब्द. आवाजही चढवला नाही. तिने लुगडं खांद्यावरून काढलं, घडी सरळ केली, खाटेवर ठेवलं, आत गेली.

मी खुशालरावांना सांगितलं : मजुरी आल्याशिवाय डोळे काढणार नाही.

आबांनी त्या रीतीचा असा उपयोग कधी केला नसता.

फाल्गुन शुद्ध १३

होळीला पाहुणे यायचे आहेत. गावात नाव पडलं आहे — आंधळा घोडेस्वार. पोरं रस्त्यावरून डोळे मिटून घोडा-घोडा खेळतात. खुशालराव सहन करतात, मग करत नाहीत.

फाल्गुन पौर्णिमा

चाळीस. माझ्या ओंजळीत मोजून. बैलांच्या शिंगांच्या शेंब्या मोडल्या. "घे बाप्पा. काढ डोये."

हात धुतले. हत्ती, घोडा, खुशालराव. त्यांचे डोळे मी चांगले काढले. स्वतःला पाहून त्यांनी पागोटं सरळ केलं.

गोदाबाई पाहायला बाहेर आली नाही.

निघण्यापूर्वी मी चुलीमागे गेले. ती गोठ्यात होती. तिथला हातभर तुकडा मी माघातच घोटून, चुना लावून तयार केला होता. का, ते तेव्हा लिहिलं नव्हतं. आताही नाही. कोरा ठेवून आले. लुगडं खाटेवर तसंच होतं.

चैत्र शुद्ध १, शके १७८७, अकोला

खोली. कडी आतून.

चैत्र शुद्ध १२

शेठकडे गाठी कमी आहेत, पण पाट्यांचं काम निघालं. मंदीत प्रत्येकाला आपलं नाव मोठं हवं झालं आहे! तिघांची कामं हातात. पैसे शनिवारी, माझ्या हातात. शेठचा मुनीम पहिल्यांदा "कोणाच्या नावावर?" म्हणाला, मी "शकुन" म्हटलं, त्याने मान वर केली, खाली घातली, लिहिलं.

हिंगूळ कोनाड्यात ठेवला. आठ दिवसांनी तिथेच आहे.

चैत्र वद्य ३

इथे मला कोणी उठवत नाही. थांबवत नाही. जेवलीस काय, असंही कोणी विचारत नाही. आज संध्याकाळी पाटीवरून मान काढली तेव्हा लक्षात आलं की जेवले नाही. खिडकीशी उभी राहिले. उजेड अगदी हवा तसा. केस हाताला कोरडे लागले.

जे मागितलं ते मिळालं. मोजून मिळालं. मग ही ओढ कसली राहते?

चैत्र वद्य १०

माणिकबाईच्या टोपलीत भोकरं आली. लोणच्याची, हिरवी, चिकट. एक डहाळी मागून घेतली, पानासकट. तिने पैसे घेतले नाहीत. मी दिले. "काय वं तुयं! डहाळीचे का पैसे असतेत?" मग माळ ओवत म्हणाली, "आखाजी आली. समद्या लेकी माहेरी जातीन आता. तुले येते काय कोनी न्याले?"

म्हटलं, नाही.

पान काढलं. शिरा, कडा, देठ, बरोबर आलं. झाड येत नाही. ते विहिरीवर कुठून वाकलं आहे, मला माहीत नाही.

वैशाख शुद्ध १, खुशालरावांचं गाव

गाडी मी ठरवली. जाण्यायेण्याचं भाडं मी दिलं.

गोदाबाई दारात आली. गाडी पाहिली, मला पाहिलं. "कोन आलं? कोनाले न्याले?"

म्हटलं, "तुम्हाला. मोर्शीला. मी मुराळी."

खुशालराव चितारलेल्या आपल्या घोड्याखाली बसले होते. भिंतीकडे पाहिलं त्यांनी. मग म्हणाले, "दारात आलेल्या मुराळ्याले नाई कसं म्हनाव?"

ती आत गेली. खूप वेळ लागला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ते हिरवं लुगडं होतं.

मी मान खाली केली. तिने ते माझ्या खांद्यावर घातलं.