म्हशीपाशी राहिलेले आप्पा

आप्पा, मागच्या महिन्यात मी आईला परत त्याच कॉटेजवर घेऊन गेलो. पाचगणीच्या पुढं उतारावरचं ते, ज्याला तुम्ही ‘डोंगरातला बंगला’ म्हणायचात आणि जे तुम्ही कधी पाहिलं नाही. मधल्या काळात कंपनीनं ते रंगवून घेतलंय, पत्रे बदललेत, व्हरांड्याला जाळी आलीय. शांतता मात्र तीच. तिथं आईचं आणि माझं एक बोलणं झालं, ते तुमच्याबद्दल होतं, म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्ही असतात तर मी हे एवढं सलग बोललो नसतो, आणि तुम्हीही ऐकून घेतलं नसतं. निम्म्यातच उठून विहिरीवरची मोटार चालू आहे का बघायला गेला असतात.

पहिल्या खेपेचं तुम्हाला आठवत असेल. रांजणगावला नोकरीला लागून मला काही वर्षं झाली होती. कंपनीनं कामगारांसाठी डोंगरात दोन खोल्यांचं कॉटेज घेऊन ठेवलं होतं, ते आळीपाळीनं मिळायचं, आणि त्या हिवाळ्यात माझी पाळी आली. मी घरी येऊन सांगितलं, सगळ्यांनी जाऊ. तुम्ही कांद्याच्या रोपांना पाणी देऊन आला होता, पायाला चिखल होता. पाय धुता धुता म्हणालात, “आमाला कशाला? तुमी नवरा-बायकू जावा, पोरीला न्या.” थोड्या वेळानं आईनं माझ्या बायकोला हळूच विचारलं, “तिकडं लई थंडी आसती का गं?” बास, एवढंच. पण ते तुम्ही ऐकलंत. जेवताना ताटाकडं बघतच तुम्ही जाहीर केलंत, “तू जायाचं. म्हशीचं मी बघतो.”

आपली ती म्हैस म्हणजे एक प्रकरणच होतं. रेडकू दगावल्यापासून ती फक्त आईच्या हाताला पान्हवायची. दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की पाय झाडायची, पान्हा चोरायची. वडगाव रासाईला, स्वतःच्या माहेरी, आई मुक्कामाला राहिलेली मी कधी पाहिली नाही. तिच्या भावाच्या लग्नातसुद्धा अक्षता पडल्या, दोन घास खाल्ले की ती आपल्या न्हावऱ्याला येणारी एसटी गाठायची, कारण संध्याकाळची धार काढायची असायची. त्यामुळं तुमचं बोलणं ऐकून आई म्हणाली, “तुमच्या हाताला ती उबी तरी ऱ्हाईल का?” तुम्ही म्हणालात, “तुजं एक लुगडं ठिवून जा.” आईला हसू आवरेना. माझी बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. तुम्ही मात्र हसला नाहीत. “हासायला काय झालं? जनावराला लुगडं कळतं. आमचे आबा न्हाई का नेसायचे, आमची आय बाळंतीन आसली म्हंजी?” अशी घराण्याची परंपरा सांगून तुम्ही विषय संपवलात, आणि आईनं तिचं हिरवं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं.

तुमच्यासाठी भाकरी आणि ठेचा टोपल्यात झाकून ठेवून आम्ही निघालो. आईनं आमच्यासाठीही एवढ्या भाकरी बांधून घेतल्या होत्या की सगळी पाचगणी जेवली असती. जीपमध्ये पोरगी तिच्या मांडीवर झोपली. घाट चढताना आईनं पहिल्यांदा खाली बघितलं आणि विचारलं, “एवढ्या उतारावर पानी थांबतं कसं रं?” माणसाला डोंगर दिसतो तेव्हा आधी काय दिसतं, हे ज्याच्या त्याच्यावर असतं. कॉटेजवर पोचलो तर तिथला वॉचमन झाडून घेत होता. आईनं त्याच्या हातातला झाडू काढून घेतला. दूध पिशवीचं आलं, त्याचा चहा पिऊन ती म्हणाली, “ह्ये कुनी काढलं? काय चवच न्हाई.” संध्याकाळ झाली तशी ती बेचैन झाली. मी तिला बाजारातल्या एसटीडी बूथवर घेऊन गेलो, आपल्या गावातल्या किराणा दुकानाचा नंबर फिरवला, पण लाईन लागली नाही. परत येताना रस्त्यानं ती एकटीच हातानं काहीतरी करत होती. नीट बघितलं तर तिची बोटं धार काढत होती.

पण दुसऱ्या दिवशी ती झोपून राहिली, आप्पा. ऊन खिडकीतून तिच्या पांघरुणावर आलं तरी उठली नाही. मला आधी भीती वाटली, मग लक्षात आलं की हिला झोप लागलीय, एवढंच. माझ्या आयुष्यात मी आईला झोपलेली बघत होतो ते पहिल्यांदा. उठली ती लाजतच. दिवसभर व्हरांड्यात पाय पसरून बसली, सिल्व्हर ओकच्या झाडांतून वारा येत होता, खाली स्ट्रॉबेरीच्या सऱ्या दिसत होत्या. ती म्हणाली, “पुढच्या खेपंला ह्यांना आनू. नुस्तं बसवून ठिवू हितं.” तिला ते आवडलं होतं. मनापासून. मी इतका खूश झालो की पुढच्या वर्षीचा अर्ज मनातल्या मनात भरून टाकला.

आम्ही परत आलो तेव्हा तुम्ही ओट्यावर बसला होता. लुगडं धुऊन वाळत घातलेलं होतं. तुम्ही स्वतःचा टॉवेलसुद्धा कधी पिळला नव्हता. मी काही विचारायच्या आत तुम्ही म्हणालात, “थेंब दिला न्हाई तिनं. दोन डाव बादली लाथाडली. तिला तुज्याबिगर चालत न्हाई.” आईनं हातातली पिशवी तिथंच टाकली आणि ती गोठ्यात गेली. बाहेर आली. तशीच सरळ घरात गेली आणि चूल पेटवली. आम्ही आणलेल्या स्ट्रॉबेऱ्यांचा वाटेत लगदा झाला होता, त्यातल्या बऱ्या वेचून तुम्ही मिठाला लावून खाल्ल्यात आणि म्हणालात, “चिच बरी ह्येच्यापरीस.”

त्याच आठवड्यात डेअरीवर दूध घालायला येणारे शेजारचे मामा मला रस्त्यात भेटले. ते हसून हसून सांगत होते, “तुज्या बापाला लुगडं काय शोबून दिसलं रं! आन् म्हस बी खुळी, रोजच्यावानी दूध दिलं की तिनं. मीच घातलं डेअरीवर.” मी हसलो. पण मनात धरून ठेवलं. कारण त्यानंतर कंपनीची पाळी पुन्हा आली, पुन्हा आली, आणि दर वेळी आईनं विचारलं, “म्हस कुनाकडं?” तुम्ही जमिनीकडं बघत म्हणायचात, “मागच्या येळी काय झालं म्हाईत हाय न्हवं.” मी कांदा निवडत राहायचो. तुमचा राग यायचा मला. वाटायचं, बाईच्या जन्मात एकदा ती सुखानं झोपली, आणि या माणसानं एका थापेत तिला पुन्हा दाव्याला बांधलं. तुम्ही गेलात त्या दिवशीही, सगळं झाल्यावर, हा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला. मग म्हैसही म्हातारी झाली, गेली. आईनं दुसरी घेतली नाही.

तर मागच्या महिन्याचं सांगत होतो. आई आता वाकलीय, पण व्हरांड्यात तिनं बरोबर तीच जागा पकडली आणि पाय पसरले. सकाळची वेळ, मी तिला चहा दिला. पिशवीच्या दुधाचाच. आता तिची तक्रार नसते. मला वाटलं, आता सांगायला काय हरकत आहे? म्हटलं, “आई, त्या खेपेला म्हशीनं दूध दिलं होतं. आप्पा खोटं बोलले.” ती चहा फुंकत राहिली. “मला ठावं हाय,” म्हणाली. “आरं, दोन दिस धार न्हाई निगाली तर कास दगडावानी हुती. मी हात लावला तर मऊ. लगी कळलं मला.” मग म्हणाली, “घरात गेले तर टोपल्यातल्या भाकरी तशाच. नुस्त्या च्यावर ऱ्हायला हुता मानूस. म्हस ऱ्हाती रं माज्याबिगर. ह्यांचंच जमत न्हवतं. पर पुरुष मानूस आसं बोलून दावतो का? मग म्हशीच्या नावावर घातलं.”

मी म्हटलं, “मग तू बोलली का नाहीस?” ती म्हणाली, “मी बोलले आस्ते तर ह्ये म्हशीच्या नावावर बी बोलले नस्ते.” मी विचारलं, तुला परत इथं यायचं नव्हतं का. “यायचं हुतं की,” ती म्हणाली. “ह्यांना घिऊन यायचं हुतं. ते म्हशीला सोडायला तयार न्हवते, न् मी त्यांना.” आणि हसली, अगदी लुगड्याच्या वेळी हसली होती तशी. मला वाईट वाटलं. तुमच्यासाठी की तिच्यासाठी, ते अजून ठरलेलं नाही. तुमच्यावरचा राग इतकी वर्षं सांभाळला होता, तो एकदम ठेवायचा कुठं ते कळेना, म्हणून कपबशा विसळायला उठलो.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही, आईला तर नाहीच. पण हात थांबवायच्या आधी एक सांगतो. तेव्हा जीपमध्ये आईच्या मांडीवर झोपलेली पोरगी आता पुण्यात नोकरी करते. शनिवारी स्कूटरवर येते, रविवारी संध्याकाळी जाते. गेल्या रविवारी ती हेल्मेट घालून निघाली होती, आईनं दिलेली कांद्याची पिशवी पायापाशी ठेवली होती. मी स्कूटरभोवती एक चक्कर मारली, मागचं चाक पायानं दाबलं आणि म्हटलं, “हवा कमी दिसतेय. आज राहा, सकाळी भरून जा.” ती वाकली, अंगठ्यानं टायर दाबून बघितला. माझ्याकडं बघितलं. मग हेल्मेट काढत म्हणाली, “हो पप्पा, जरा कमीच वाटतेय.”

हवा बरोबर होती, आप्पा.