पैंजण सगळ्यांना ऐकू आले

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

आजच्या सिनेमाचा खरा खर्च: एक फुटलेली बशी, चहाच्या चार फेऱ्या, बायकोने, उल्काने, दिवाळीतून लपवून ठेवलेल्या सगळ्या करंज्या — आणि माझी भूक. शेवटची बाब कुणाला सांगितलेली नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी दुपारी पडदे ओढून तोच जुना भुताचा विनोदी सिनेमा बघायचा, हा आमचा बारा वर्षांचा नेम. शेजारचे श्याम आणि मालनवहिनी, मुलगा हर्षद, सून, नात मनस्वी, आणि दीपक. दीपक वीस वर्षं माझ्या मोटार-पंपांच्या वर्कशॉपात, म्हणजे घरचाच. सिनेमातला भोंदू मांत्रिक एवढा भित्रा, की भुताचे पैंजण वाजले की आपल्याच कानात कापूस कोंबतो आणि गावाला सांगतो, 'गेलं भूत!'

सुरुवातीला मी नेहमीची फुशारकी मारली. पाण्याच्या मोटारीला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची — बेअरिंग कुठं घासतंय ते सांगतो! 'पालीच्या पत्र्याच्या शेडपासून इथवर ह्या दोन कानांनी आणलंय. तीन वर्षांत एक मोटार तक्रार घेऊन परत आलेली नाही!' श्याम म्हणाला, 'काशा, मरशील तेव्हा डोळे राहू देत, कान दान कर!'

मग तो पैंजणांचा प्रसंग. पडद्यावर रिकामी पडवी. हर्षदने यंदा नवा स्पीकर आणलाय. तो म्हणाला, 'काय छुमछुम येतेय बघा!' मालनवहिनी किंचाळल्या, बशी पडली, सगळे एकमेकांना बिलगले.

मला काहीच ऐकू आलं नाही.

हसलो, पण मागाहून. मनस्वीने बरोबर पकडलं — 'आजोबा, तुम्ही पण कापूस घातलाय काय?' सगळे खो खो. मीही.

भुताच्या गोष्टीत एकालाच ऐकू येतं, बाकीच्यांना नाही. इथं उलटं!

सोमवार, २७ ऑक्टोबर

सकाळी सगळे उठायच्या आत तोच प्रसंग लावला. आवाज वाढवला. मांत्रिकाच्या बोंबेने कानठळ्या बसल्या. पैंजण नाहीत. परत लावला. नाहीत! उल्का धावत आली. 'अहो, वेड लागलं काय? पैंजणांनी घर दणाणलंय!'

मंगळवार, २८ ऑक्टोबर

ट्रकचा गिअर ऐकू येतो. भाट्याच्या समुद्राची गाज येते. भिंतीपलीकडचं श्यामचं घोरणं येतं. गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक — नाही. जूनमध्ये मी उल्काला म्हणालो होतो, परसातल्या चिमण्या कुठं गेल्या? ती माझ्याकडे बघत राहिली होती.

दुपारी एका बागायतदाराची मोटार तपासली. स्क्रूड्रायव्हर, मूठ, कान. आवाज लोण्यासारखा! पास केली. एरवी असं ऐकलं की बरं वाटतं. आज नाही वाटलं.

बुधवार, २९ ऑक्टोबर

दीपकला सांगू? नको. कारागिराला कळलं की गावाला कळलं. माझ्या कानांवर तर दुकान चालतं.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

कानाच्या डॉक्टरीणबाई. काचेची बंद खोली, कानांवर टोप्या, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बराच वेळ काही येईना, तसं दोनदा उगाच दाबलं. परीक्षेत कॉपी करावी तसं! बाई काचेपलीकडून — 'काका, अंदाजाने नको.'

बारीक, उंच आवाज गेलेत म्हणे. यंत्र लावावं लागेल. मी विचारलं, कधीपासून? 'एका दिवसात नाही जात. तीन-चार वर्षं तरी झाली असतील.'

तीन-चार वर्षं! मग एवढ्या मोटारींत मी ऐकलं काय? बेअरिंग शिट्टी मारतं तेच बारीक आवाजात. कुणाच्या विहिरीवर एखादी अडकून जळली, कुणाला झटका बसला तर? मांत्रिकासारखा कापूस घालून 'गेलं भूत' म्हणत बसलो की काय मी? घरी येताना आरे-वारेच्या किनाऱ्यापर्यंत गाडी उगाच नेली. उतरलो नाही. घरात शिरायची भीती वाटत होती.

शनिवार, १ नोव्हेंबर

शेवटी दीपकला सांगितलंच. त्याने मान वर केली नाही, पाना पुसत राहिला. म्हणाला, 'भाऊ, तुम्ही दुपारी जेवायला घरी जाता ना, तेव्हा तुम्ही पास केलेली एकेक मोटार मी परत ऐकतो. तीन वर्षं झाली. सतरा खोलायला लागल्या.'