कोपऱ्यावरची खूण

चेरीताल, जबलपूर
१८ जानेवारी २०२५

चि. शैलेंद्र यास विनताताईचे आशीर्वाद.

इथे सगळं बरं आहे. आईचे गुडघे थंडीने कुरकुरतात, तरी मटार सोलायला उन्हात बसतेच. बाजारात मटाराचे ढीग लागलेत, घरात रोज कचोरी. तुझ्या वाटणीचीही खाल्ली, असं तिने तुला मुद्दाम कळवायला सांगितलंय. शरयूला आशीर्वाद.

कारखान्याचं लिहायचं टाळत होते. पण आता लिहिते.

भाऊबीजेला मी ओवाळलं तेव्हा ताटात पाकीट टाकायच्या ऐवजी तू म्हणालास, "ताई, यंदा ओवाळणी म्हणून तुझ्या कारखान्याचा कार्बन फूटप्रिंट मीच काढून देतो." केवढी हरखले मी! कापड रंगवताना किती धूर झाला, हेही आता परदेशातल्या गिऱ्हाइकाला कळवावं लागतं, आणि पुण्याला तुमच्या कंपनीत ते काम तुझ्याचकडे. घरचा माणूस, त्याच्यापासून काय लपवायचं? बॉयलर दाखवला. एरवी भुशाच्या कांड्या जाळतो, पण पावसाळ्यात त्या ओल्या होतात, मग कोळसा घालावा लागतो, हेही सांगून टाकलं. मागे बॉयलरवर काम करणाऱ्या कुसुमबाई डोळे वटारत होत्या. तू गेल्यावर म्हणाल्या, "ताई, कोळशाचं काहून सांगितलं? साहेब सगळं लिहून घेऊन राहिले होते ना!" मी त्यांनाच झापलं. म्हटलं, साहेब नाही, भाऊ आहे माझा.

महिन्याभरात तुमच्या कंपनीने माझ्याकडचं रंगाईचं काम काढून घेतलं. कारण काय, तर धूर जास्त. काम इंदूरकडच्या एका गिरणीला गेलं, तिच्या छतावर सोलर पॅनल आहेत. मी रडले, पण तुला बोल लावला नाही. शैलूचा नाइलाज झाला असेल, अशी आईचीही समजूत घातली.

आणि परवा आपला टेम्पोवाला मुरलीधर दारात हजर. थानं उतरवून बघते, तर तुमच्याच कंपनीचं कापड! गिरणीला सगळं झेपत नाही, म्हणून अर्धं रंगवायला माझ्याकडे. मुरलीधर म्हणाला, "दीदी, मिल वाले बोले, शैलेंद्र भैया ने ही कहा है, दीदी से करवा लो. बस, कोने का निशान काट के भेजना."

आपली खूण, शैलू. थानाच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याचे टाके. रंगात चूक निघाली तर कुणाला जाब विचारायचा ते कळावं, म्हणून बाबांनी सुरू केलेली. ती कापायची?

माझा विश्वास बसेना. तुला फोन केला, तर म्हणालास, "काम तर मिळून राहिलं ना तुला? नावाचं काय घेऊन बसलीस?"

म्हणजे बॉयलर माझा, हात माझ्या बायांचे, आणि तुझ्या अहवालात आम्ही कुठेच नाही. पूर्वी कापड थेट माझ्याकडे यायचं. आता आधी इंदूरला उतरतं, मग इथे येतं, मग परत इंदूरला जातं. त्या डिझेलचा धूर कुणाच्या नावावर टाकलास रे? अहवालात तुमच्या कंपनीचा धूर कमी झाला म्हणून तुझा सत्कार झाल्याचं शरयूने नवऱ्याच्या मोठ्या कौतुकाने सांगितलं. धूर कुठे कमी झाला? तुझी बहीण तेवढी कमी झाली.

कोळसा वाईट, मलाही पटतं. कांड्या ठेवायला पक्की शेड बांध, एवढं म्हणाला असतास तर बांधली असती. ते तुला सुचलं नाही. माझ्याकडून खरं काढून घेतलंस आणि त्याच खऱ्याने माझा गळा कापलास. याचा राग माझ्या मनातून जाणार नाही.

थानं रंगवून झाली. कुसुमबाईंची चूल यावर चालते, म्हणून तशीच परत धाडली नाहीत. पण प्रत्येक कोपऱ्यावर टाके आहेत, मी स्वतः घातलेत. मुरलीधरला सांगितलंय, निशाणीसकट घेत असतील तर उतरव, नाहीतर माघारी आण. काम पुन्हा गेलं तर जाऊ दे. गिऱ्हाइकाने विचारलं, हे टाके कुणाचे, तर उत्तर तू दे. शाळेतून आल्यावर ते घालायला तूच हट्ट धरायचास.

भाऊबीजेला ये, आई वाट बघेल. मी मात्र ओवाळणार नाही.

विनता सुभेदार
सुभेदार रंगाई कारखाना, जबलपूर

ता. क. दर वेळी 'तुझी ताई' लिहिते. या वेळी पूर्ण नाव लिहिलंय. हे कापू नकोस.