तुझ्या हातची राख

आई, अखेर तुझा तो क्रूस मी देऊन टाकला. झावळ्यांच्या रविवारी शिंदीच्या पात्या विणून तू केलेला, तुझा शेवटचा. या झावळ्या वर्षभर घरात ठेवायच्या, मग चर्चमध्ये परत द्यायच्या, त्या जाळून त्यांची राख राखेच्या बुधवारी सगळ्यांच्या कपाळी लावायची, ही आपली रीत. पण तुझा क्रूस मी कितीतरी वर्षं स्वयंपाकघरातल्या येशूच्या तसबिरीमागे दडवून ठेवला. फादर विचारायचे, मी आपली "पुढच्या वर्षी बघू" म्हणायची. तो जळला की तुझ्या हातचं काहीच उरणार नाही, अशी धास्तीच होती मला.

मी पाचवीत असेन. राखेच्या बुधवारी चर्चमधल्या सकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर शाळेत गेले आणि मुली हसतील म्हणून गेटपाशीच राख पुसली. दुपारी घरी आले तर तू पिठलं करतेयस, तुझं दिवसातलं एकच जेवण. शेजारच्या काकूंनी "उपास ना तुमचा?" म्हणत साबुदाण्याची खिचडी आणून दिली होती. तू हसत ती माझ्यापुढे ठेवलीस आणि कपाळाकडे बघून एकदम ओरडलीस, "राख पुसली म्हणजे मरण पुसलं जातं का गं?" मला रडूच फुटलं. मग पदराने माझं नाक पुसत म्हणालीस, "भिववायला नसते गं ती. आपण मातीचे आहोत हे ध्यानात राहिलं की 'चुकलं' म्हणायला जीभ जड होत नाही. बघ, मी उगाच ओरडले. चुकलं माझं." मोठ्या माणसाने लहानाला असं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आणि तुझा शेवटचा बुधवार! हॉस्पिटलात फादर राख घेऊन आले. तू माती आहेस, मातीला मिळशील, हे तुला म्हणताना त्यांचाच आवाज अडकला. तू हसलीस. "म्हणा फादर, म्हणा. मला ठाऊक आहे. या पोरीला जरा मोठ्याने सांगा." अगं बाई, कुठून आणलंस एवढं बळ? मी आजही थक्क होते.

या वर्षी नात पहिल्यांदाच राख घ्यायला माझ्याबरोबर रांगेत उभी राहणार होती. तिने तुला पाहिलेलंच नाही. म्हटलं, आता नाही तर कधी? परवा क्रूस फादरांच्या हातात दिला, तो लोखंडी घमेल्यात क्षणात पेटला.

आज सकाळी रांग पुढे सरकत होती. दिंडोरीहून द्राक्षांची तोडणी सोडून आलेली माणसं, नर्सबाई, काठी टेकत आलेले म्हातारे. फादर एकेकाच्या कपाळावर अंगठा टेकवत होते. नातीची पाळी आली, तिने डोळे घट्ट मिटून घेतले. आई, तू होतीस गं तिथे. तिच्या कपाळावर, त्या नर्सबाईच्या, त्या म्हाताऱ्यांच्या. मी मेली एवढी वर्षं तुला एका तसबिरीमागे कोंडून बसले होते!

बाहेर आल्यावर नातीने विचारलं, "आजी, पुसू का गं?" म्हटलं, तुझ्या मनावर आहे. तिने नाही पुसली.

आता दुपार कलली आहे, माझ्याही कपाळावर राख आहे. तोंड धुवायला दोनदा मोरीपाशी गेले आणि दोन्ही वेळा फक्त पाय धुऊन परत आले.