सुनेच्या हातचा गूळ

माय, आज डॉक्टरीणबाईंनी माझी मधुमेहाची सकाळची गोळी अर्ध्यावर आणली. माझं जेवण कमी झालंय, तेवढ्या जेवणाला एवढी गोळी जास्त होते, म्हणाल्या. मग हसत विचारलं, "आजी, घरात कोणी चोरून गोड तर देत नाही ना?" मी म्हटलं, "मला कोण देणार?" त्यांना गंमत वाटली. मी गमतीनं म्हटलं नव्हतं. तुला देणारी होती, तुझी सून होती. तू गेलीस, दादा गेला, माझे केस पांढरे झाले, तरी वहिनीचा विषय निघाला की माझ्या पोटात दुखतंच. या वयात लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील. नवरा गेल्यावर मी देवळीला तुझ्याकडे परत आले होते आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले होते. तुला शक्करची बीमारी निघाली तेव्हा वर्ध्याच्या डॉक्टरांनी सुई द्यायला मलाच शिकवलं, कारण पिचकारीवरच्या खुणा वाचणारी घरात मी एकटीच बाई. रोज सकाळी काचेची पिचकारी उकळायची, रांजणाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलेली इन्सुलिनची बाटली काढायची, तुझ्या मांडीत वीस खुणा औषध द्यायचं. संध्याकाळी काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात तुझ्या लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, विटेसारखं लाल झालं तर फार. जेवायला दीड भाकर, पातळ वरण, अंबाडीची भाजी. गुळाला हात लावायचा नाही. एवढं सगळं करून मला तुझ्या तोंडून काय मिळालं? मी शाळेतून आले की तू वहिनीला म्हणायचीस, "आली पाय फौजदारीण." पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते मी रोज चपला काढता काढता ऐकायची.

वहिनी रोहण्याची. तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते. तिचे वडील बाजाराला आले की डबा घेऊन यायचे. सुंठ आणि सुकं खोबरं घालून कुटलेला गूळ असायचा त्यात. आणि तुझं एक ठाम मत होतं, "पोटुशीले एकटी खाऊ देऊ नाई, तिच्यासंगं कोणीतरी दोन घास खावं." हे मत तू फक्त मी शाळेत असताना पाळायचीस. मला काय ठाऊक? संध्याकाळी नळी लाल यायची. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, तीन दिवस लाल आली की दोन खुणा वाढवा. मी वाढवत गेले. बावीस, चोवीस, अठ्ठावीस, बत्तीस. तुझी बीमारीच बळावतेय असं समजून मी तुझी भाकर दीडवरून एकावर आणली. त्या दिवशी तू ताट सरकवून म्हणालीस, "तुह्यापेक्षा ते बरी. परक्याची लेक हाय, पण माह्या जिवाले समजते." मी ताट उचललं आणि न्हाणीत जाऊन रडले.

सातव्या महिन्यात वहिनी बाळंतपणाला माहेरी निघाली. बंडी दाराशी उभी. तू तिच्या गळ्यात पडून रडतेयस, ती म्हणतेय, "माय, पोटभर जेवत जाजा, नणंदबाईवर रागावू नका." मला तिचा तो शहाणपणा अजिबात सोसत नाही. बंडी वळली तशी मी आत आले आणि घरातली गुळाची ढेप शेजारणीला देऊन टाकली. चौथ्या संध्याकाळी नळी निळी आली. पाचव्याही, सहाव्याही. मग माझ्या डोक्यात उजेड पडला की इतके दिवस ती लाल कशानं होत होती. मला राग यायला हवा होता, पण आनंदच झाला. पाहा, ती गेली आणि माझी माय बरी झाली! दादाला दाखवायला मी वहीत 'निळी' हा शब्द मोठ्या अक्षरात लिहू लागले.

आणि इथंच माझा गुन्हा आहे, माय. लागोपाठ निळी आली तर खुणा उतरवा, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला ते विसरायला झालं नव्हतं. पण उतरवल्या आणि पुन्हा हिरवी आली तर? मला सलग निळी हवी होती. तिच्या चोरट्या गुळासाठी वाढवलेल्या बत्तीस खुणा मी तुला एका भाकरीवर देत राहिले.

तो रविवार होता म्हणून मी घरात होते. दुपारी तुला हाक मारली तर तू भलतंच बोलत होतीस. चोळी घामानं चिंब, बोटं वाकळ उपटतायत, नजर कुठंच नाही. आणि मी मूर्खासारखी आधी नळी शोधायला गेले! मग आठवलं, औषध जास्त होऊन असं झालं की आधी गोड द्यायचं. घरात गुळाचा की साखरेचा कण नव्हता. शेजारणीच्या दाराला कुलूप होतं. मी वहिनीच्या खोलीत शिरले, तिची पेटी उपसली. लुगड्यांच्या खाली तो माहेरचा डबा सापडला, तळाशी मूठभर गूळ उरलेला. पाण्यात कालवून तुझ्या गालाच्या आत बोटानं लावत बसले. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. देवाला मी काय काय कबूल केलं ते सांगत नाही. बऱ्याच वेळानं तू जीभ हलवलीस, चव घेतलीस, आणि डोळे न उघडता बोललीस, "आली काय वो सूनबाई?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चौदा खुणांवर आणलं. मला म्हणाले, "बाई, माणूस जे खातं त्यावर औषध बसवायचं असतं, जे खायला पाहिजे त्यावर नाही." मी मान डोलावली. खुणा उतरवायचं राहून गेलं, एवढंच त्यांना सांगितलं. राहून गेलं नव्हतं.

तू मात्र गावभर सांगत सुटलीस. "माही सून रोहण्याहून धावत आली, मले गूळ चारला न् निंघून गेली." बायका हात जोडायच्या. वहिनी बाळ घेऊन परतली तेव्हा तिलाही तू तेच सांगितलंस. ती म्हणाली, "मी तं तिकडंच होती, माय." तू ऐकायला तयार नाहीस. मग तिनं खोलीत जाऊन पेटीतला रिकामा डबा पाहिला असावा, कारण बाहेर येऊन तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि काही बोलली नाही. तुला पुन्हा कधी चोरून दिलं नाही तिनं. तिच्या त्या गप्प राहण्याचाही मला हेवा वाटला. तू आणखी सहा वर्षं जगलीस, आणि ती गोष्ट आजही या घरात नातवंडांना सांगतात. मी बाजूला बसून शेंगा सोलत असते.

मी खरं का सांगितलं नाही, असं तू विचारशील. खुणांचं बिंग फुटेल ही भीती होती, नाही असं नाही. पण त्या दुपारी तू काय विचारलंस ते सगळ्यांना माहीत आहे, मी काय उत्तर दिलं ते कोणालाच माहीत नाही. तू विचारलंस आणि माझ्या गालावरून हात फिरवलास. माझी चूल मोडून मी घरी आले त्या दिवशीसुद्धा तू तसा फिरवला नव्हतास. मी बोलले तर तू हात काढून घेशील, म्हणून मी तुझ्या कानाशी वाकले, आणि जमेल तितका तिच्यासारखा आवाज काढून म्हटलं, "हो माय, आली न मी."