टाळूवरची हळद

माय, तुझ्या पणतूच्या डोक्यावर मी हळदीनं स्वस्तिक काढलं, आणि त्यापायी आज जर्मनीत त्याच्या घरी मुलांच्या सरकारी खात्यातली एक बाई येणार आहे. लेकरू आईबापांपाशी नीट आहे का, हे ती बघणार आहे. माझ्या लेकीनं सकाळी फोनवर एवढंच सांगितलं आणि म्हणाली, “ती गेली की मी करते फोन, तू करू नकोस.” तेव्हापासून मुखेडच्या या घरात पुढच्या खोलीत फोन समोर ठेवून बसले आहे. भाजी चिरायला घेतली होती, ती अर्धवट चिरून तशीच सुकते आहे. हातांना काहीतरी काम हवं, आणि या गोष्टीचा जाब विचारावा असं दुसरं कुणी मला उरलेलं नाही, म्हणून तुला लिहिते. तुला वाचता येत नव्हतं हे लक्षात आहे माझ्या.

जावळ गावीच काढायचं असा आम्हा सगळ्यांचाच हट्ट होता. जावयाची रजा संपत आलेली, म्हणून ते निघणार त्याच्या आदल्या दिवशीच उरकायचं ठरलं. देवळापुढच्या लिंबाखाली लेकरू मामाच्या मांडीवर बसलं, न्हाव्यानं वस्तरा फिरवला, आणि ते रडून रडून शेवटी नुसते हुंदके देत राहिलं. सुनेनं कुंकवाची वाटी पुढे केली. मी ती बाजूला सारली आणि घरची हळद मागितली, आपल्या शेतातली, घरी दळलेली. कुंकू घेतलं असतं तर ते दोन पाण्यांत निघून गेलं असतं, माय. पण माझ्या कानांत तू होतीस. माझ्या मुलाचं जावळ आहे, तू चुलीपुढे पाटावर बसली आहेस, मी कुंकवात बोट बुडवते आणि तू पाहुण्यांदेखत माझ्या हातावर चापट मारतेस. “कुक्कू नगं लावू लेकराला. लई झोंबतं. हळद घी, तेलात कालीव. टाळू थंड ऱ्हाती.” मग माझं बोट तुझ्या मुठीत धरून तू माझ्याकडून काढून घेतेस. आधी चार कोपऱ्यांत चार ठिपके, मग मधली फुली, मग एकेक हात उजवीकडे वळवत. बाकीच्या बायका ठिपके शेवटी देतात, तू आधी द्यायचीस. “सूर्यनारायण उगवतीकून निघतो अन् असा वळत वळत जातो. आपला हातबी तसाच वळला पायजे. उलटा वळला तर दिस उलटा जाईल.” मला तेव्हा नोकरी लागून काही वर्षं झाली होती, मी मनात म्हटलं, अडाणी आहे बिचारी. आणि तरी त्या दिवशी लिंबाखाली मी अगदी तसंच काढलं, ठिपक्यांसकट. सुंदर आलं होतं. सगळ्यांनी फोटो काढले.

हैदराबादेहून त्यांचं विमान होतं. थंडी वाजू नये म्हणून मीच विणलेली टोपी लेकराला घालून दिली. तिकडे पोचल्यावर दोघंही थेट कामाला लागले आणि लेकरू पाळणाघरात गेलं. तिथल्या बाईनं टोपी काढली. काय झालं ते मला लेकीनं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. तिकडे हे चिन्ह म्हणजे ज्यूंना मारणाऱ्यांचं निशाण, नुसतं दाखवणंसुद्धा गुन्हा आहे. तेलातली हळद कातडीत अशी मुरली होती की पिवळं जाऊन ते तपकिरी, ठसठशीत दिसत होतं. मी विचारलं, “ती बाई ओरडली का गं?” लेक म्हणाली, “नाही आई. ती रडली. तिच्या आजीच्या घरातलं कुणीच उरलं नव्हतं.” मग वरिष्ठ आले, फोटो काढले, कुठेकुठे फोन केले. लेकीनं घरी येऊन बेसन, लिंबू, साबण, काय काय लावून डोकं घासलं. इतकं घासलं की टाळू लाल झाली आणि हळदीच्या जागी तोच आकार लाल दिसायला लागला. आधी नुसतं चिन्ह होतं, आता लेकराला इजा केली म्हणतील. “घासू नकोस, खोबरेल लाव, नुसतं खोबरेल लाव,” एवढंच मला सुचलं.

आणि मी कोण, तर नववीला इतिहास शिकवणारी. पुस्तकातलं चित्र धूसर छापलेलं असायचं म्हणून जर्मनीचा तो झेंडा मी स्वतः फळ्यावर खडूनं काढून दाखवायचे. सहावीला सिंधूकाठच्या मुद्रा शिकवताना हेच चिन्ह काढायचे. ग्रीकांच्या मडक्यांवरही सापडतं हे सांगायचे, हजारो वर्षं माणसं सूर्याची चाल अशीच काढत आली असावीत असं म्हणायचे, आणि मनातल्या मनात तुझी आठवण यायची. एकदा एका पोरीनं झेंड्याकडे बोट दाखवून विचारलं होतं, “बाई, हे तर आमच्या दारात हाय की.” मी म्हटलं, आपलं सरळ असतं, त्यांचं तिरकं. पोरगी खाली बसली, धडा पुढे गेला. इतकी वर्षं मी हेच उत्तर देत आले. आता डोळे मिटले की ते लेकरू दिसतं. ते मान इकडे वळवतं, तिकडे वळवतं, खेळण्याकडे वाकतं. त्याच्या डोक्यावर सरळ काय आणि तिरकं काय.

काल राहवलं नाही म्हणून शेजारच्या बाईंकडे गेले. आपल्याच गावच्या त्या, बौद्ध वस्तीतल्या, पुढे माझ्याच शाळेत गणित शिकवायच्या. मला धीर हवा होता. म्हटलं, बुद्धाच्या पावलांवरही हे चिन्ह असतं, तिकडच्या लोकांना असं सांगितलं तर पटेल का? त्या चहा गाळत होत्या. “सांगा की. असतं ते,” म्हणाल्या. मग जराशानं म्हणाल्या, “पण मॅडम, तुमच्या उंबऱ्यावरचं मला न्हानपणापासून पाठ हाय. माझी माय त्याच्या अलीकडं हुबी ऱ्हायची आन् तुमची माय वरून पाणी घालायची. मला वाटायचं, ती खूण म्हंजे हितं थांबा.” आवाजात राग नव्हता. कप माझ्या हातात दिला आणि शेव वाढली. मला तुझा हात दिसला, तांब्या उंच धरलेला, आणि खाली दोन ओंजळी. त्या खुणेत सूर्य चालतो असं तू मला सांगायचीस तेव्हा त्या ओंजळवालीला काय दिसत असेल, हे मी तुला कधी विचारलं नाही, आणि स्वतःलाही नाही. तुझा राग आला, माय. फार आला. आणि तू असतीस तर मी काही बोलले असते का, याची खात्री नाही.

घरी आले, फडकं ओलं केलं आणि दिवाळीत उंबऱ्यावर काढलेलं स्वस्तिक पुसून टाकलं. शरमेनं पुसलं असं लिहायला बरं वाटलं असतं. तेवढी मी मोठी नाही. कुणी फोटो काढेल, तिकडे पाठवील, म्हणतील आजीच्या दारातसुद्धा आहे, म्हणून पुसलं. मुखेडात कोण येणार होतं फोटो काढायला. पण भीतीला तेवढं कळत नाही, तिनं मला उंबऱ्यावर गुडघे टेकायला लावले.

फोन येऊन गेला. मधे बराच वेळ लिहिणं थांबलं होतं, अक्षर बदललेलं दिसेल. खात्यातली ती बाई आली, लेकराला मांडीवर घेतलं, टाळू बघितली, लिंबाखालचे फोटो बघितले. त्यात आम्ही सगळे खिदळतोय आणि लेकरू रागानं लाल झालंय. खूप प्रश्न विचारले. लेकरू सुरक्षित आहे, तसं लिहून देते म्हणाली, आणि गेली. लेकरू घरीच आहे, माय. आईजवळ आहे. मी भिंतीला टेकून रडले. लेक म्हणाली, पाळणाघरातल्या त्या बाईनं मात्र विनंती केली आहे की केस येईपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. “तिचं काही चुकलं नाही गं आई.” मी म्हटलं, नाही चुकलं. मग ती म्हणाली, “पुढच्या वेळी नको हं काढूस.” मी हो म्हटलं, लगेच, तुझा विचारसुद्धा न करता.

त्यानंतर हळद कालवली आणि उंबऱ्यापाशी जाऊन बसले. उघडा उंबरा बघवत नव्हता. तुझ्यासारखे आधी चार ठिपके दिले. मग हात पुढे जाईना. एका बोटाच्या वळणावर इतकी माणसं येऊन उभी राहिली, ती रडणारी बाई, तिची आजी, ती ओंजळ, आणि तू. इतक्यात शेजारच्या बाई दळण घेऊन चालल्या होत्या, फाटकाशी थांबल्या. लेकीचा फोन आला का, विचारलं. आला, सगळं ठीक आहे, सांगितलं. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, ठिपक्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “मॅडम, अर्धंच ठिवलं?”

“गुडघे दुखून राहिलेत,” मी म्हटलं, आणि वाटी उचलून आत आले.

ठिपके अजून तसेच आहेत. हे पत्र कुठे टाकायचं ते सुचत नाही, जाळावं तर या घरात चूलही नाही. गुडघे दुखत नव्हते, माय.