खेळाच्या खोलीची खिडकी

१२ जानेवारी, रविवार

धाकट्या जावेनं, अदितीनं, गेम्स रूम केली! बेळगावच्या घरात, वरच्या मजल्यावर. सकाळपासून घरच्या ग्रुपवर नुसते फोटो. कॅरम, बुद्धिबळ, सारीपाट, भिंतीला निळा रंग. आणि मधोमध आमचे सासरे, हातात स्ट्रायकर, पोरासारखे हसताना!

इथं निपाणीत वीस वर्षं मी त्यांना दिवस मावळायच्या आत ताट वाढलं – आप्पांचा जैन नेम कडक, सूर्यास्तानंतर जेवण नाही. दिवाळीला धाकट्या लेकाकडं म्हणून गेले ते परत यायचं नाव नाही. जाऊबाई बँकेत जातात – भाकरी तरी धड थापता येते का? तरी आप्पा तिथंच रमले. जळते मी. हो, जळते!

१४ जानेवारी

तिळगूळ देऊन सगळ्यांशी गोड बोलले. आप्पांना फोनवर विचारलं, कधी येताय? "बघू गं. हितं खेळ लई रंगलाय."

फोन ठेवला आणि लाडू कडाकडा चावला.

२३ जानेवारी

ठरलं. आपणही खेळाची खोली करायची, तिच्यापेक्षा झकास! माडीवर तंबाखूची पोती असायची ती खोली रिकामीच आहे. मोठा कॅरम आणला. वरून टांगता दिवा. पश्चिमेची खिडकी विटा घालून बुजवली – संध्याकाळचं ऊन थेट सोंगट्यांवर येतं. त्या भिंतीवर आता नेमबाजीचा फळा.

हे म्हणाले, "आप्पा कॅरमसाठी गेलेत व्हय गं?" मग कशासाठी?

९ फेब्रुवारी, रविवार

वाटोळं झालं.

विनयभावोजी दुपारी आप्पांना घेऊन आले. एकटेच, अदितीला पाहुणे होते म्हणे. आप्पांनी खोली बघितली. "लई झ्याक केलीस गं त्रिशला!" मला आभाळ ठेंगणं झालं. शेजारचे मारुतीराव खेळायला आले. मी व्हिडिओ काढत होते – ग्रुपवर टाकायला. बघू दे तिला!

पण आप्पांचं चित्त कुठं ठिकाणावर? घटकाभर खेळले की उठायचे, जिना उतरून अंगणात जायचे, परत वर. गुडघे दुखतात तरी! म्हटलं, घड्याळ आहे की समोर. "घड्याळ फसवतंय. दिस न्हाय फसवत." मला वाटलं, इथं मन लागत नाही, निमित्तं काढतात. मी तोंड फिरवून व्हिडिओच काढत राहिले.

शेवटी राणीसाठी डाव अडला. तो संपवून खाली आलो तर सूर्य गेलेला. ताट वाढायला धावले. आप्पांनी हात जोडले. "आता पाणीबी न्हाय."

उपाशी निजलेत. माझ्या घरात!

१० फेब्रुवारी

गेले. सकाळच्या नाष्ट्यानंतर लगेच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

राहवेना. डबा बांधला आणि बेळगाव गाठलं. अदितीची खोली एकदा डोळ्यांनी बघायचीच होती.

काय आहे तिथं? कॅरम साधाच. निळा रंग ओघळलाय. फक्त पश्चिमेला भिंतभर खिडकी. आप्पा एकटेच खेळत होते, एक डोळा सोंगट्यांवर, एक सूर्यावर. वेळ झाली तसे उठले, ओट्यावर झाकून ठेवलेलं ताट स्वतःच घेतलं.

अदिती अंधार पडल्यावर दमून आली. ती चहा करताना मी टोचलंच – खिडकी जरा जास्तच मोठी झाली नाही का?

"मला यायला रोज उशीर होतो, आक्का. हाक मारायला घरात कुणी नसतं. दिवस त्यांना दिसावा म्हणून केली." मग चहाकडं बघतच म्हणाली, "तरी रोज ऐकवतात – निपाणीला खिडकी लागत न्हवती. त्रिशला हाक मारायची."

तिचाही चेहरा उतरला होता. आणि मला त्या रविवारी साधी एक हाक मारायची सुचली नाही! रडू आलं. चहा गरम आहे म्हणाले.

१ मार्च

रोज संध्याकाळी इथून फोन लावते. "आप्पा, दिस कलला. पानावर बसा."

आज अदितीचा फोन. आप्पांनी खिडकीला जाड पडदा लावून घेतला, ऊन सोंगट्यांवर येतं म्हणे. "तुमचा फोन आला की उठतात," म्हणाली. आवाज जरा चिरका होता.

तो आवाज मी ओळखते – जानेवारीत माझाच होता.